आंदणघराचं सुतक

थोरल्या घरातले आण्णासाहेब मंगळवारी सकाळी गेले आणि धनाजीच्या प्रतीक्षाची हळद शनिवारी होती.

थोरल्या घरातलं माणूस गेलं की धनाजीच्या घरानं तेरा दिवस सुतक धरायचं, ही वाडीतली चार पिढ्यांची रीत. त्यामुळं मंगळवारी दुपारपर्यंत अख्ख्या वाडीनं मनातल्या मनात ते लग्न पुढं ढकलूनही टाकलं. बेंबळीहून आलेल्या मांडववाल्यानं तर कुणाला विचारायची तसदीही घेतली नाही. रोवलेले निम्मे खांब उपटून त्यानं परत टेम्पोत भरले. प्रतीक्षाची आई तारामती थोरल्या घराकडं जाणाऱ्या गर्दीला वाट देऊन घरी परतली, तर अंगणात नुसते खड्डे. तिनं पदर खोचला आणि ती टेम्पोपुढं जाऊन उभी राहिली.

“मांडव काढायला कुणी सांगितलं?”

“मामी, सुतक न्हाई का तुमाला?”

“ते माझं मी बगते. तू खांब रोव.”

तो रोवायला लागला. एवढं सगळं तिनं नवऱ्याला न विचारता केलं होतं. धनाजी त्या वेळी थोरल्या घराच्या ओसरीवर भिंतीला डोकं टेकून लेकरासारखा रडत होता. तीस वर्षं त्यानं आण्णासाहेबांची जीप चालवली होती. शेवटच्या दोन वर्षांत तर त्यांना आंघोळ घालण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं त्याच्याच हातचं लागायचं. पोटच्या पोरांनी केलं नसतं एवढं त्यानं केलं, आणि तेही हौसेनं. त्याच्या त्या रडण्याला तारामतीनं कधी नावं ठेवली नाहीत. पण लेकीचं लग्न वेगळं आणि नवऱ्याचं रडणं वेगळं, हे तिच्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं.

बुधवारी सकाळी माकणीहून व्याह्यांचा फोन आला. व्याही गोरोबा सरळ माणूस, धरणाकाठी शेती, चाळीस मेंढरं, बोलणं मोजकं. धनाजीनं फोन स्पीकरवर टाकला, कारण त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं.

“धनाजीराव, तुमच्या गावातले आण्णासाहेब वारले म्हणं.”

“व्हय. काल.”

“वाईट झालं. पण आमाला एकानं सांगितलं, तुमाला त्यांचं सुतक लागतंय. खरं का?”

धनाजीनं बायकोकडं पाहिलं. तारामती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“लागतंय,” धनाजी म्हणाला. “आमी घरचेच हाव की त्यांच्या.”

“घरचे म्हंजे? भावकी का? तुमचं तर कुळ बी येगळं, देव बी येगळा. सुतक कुठल्या नात्यानं?”

ह्या प्रश्नाला धनाजीकडं उत्तर होतं, पण ते त्यानं जन्मात कधी तोंडानं दिलं नव्हतं. “सांगतो तुमाला, उद्या फोन करतो,” असं काहीतरी पुटपुटून त्यानं फोन ठेवला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आता काय सांगू त्यांना?”

“खरं सांगा,” तारामती म्हणाली.

खरं असं होतं. निजामाचं राज्य होतं त्या काळात थोरल्या घरी नवी सून आली. तिच्या माहेरानं आंदणात दोन बैल दिले, एक तांब्याचं घंगाळ दिलं आणि एक नऊ वर्षांची पोर दिली. पोरीचं नाव भिवरा. धनगराची लेक. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा बापानं तिला मोठ्या घरी पोटापुरतं ठेवलं आणि परत न्यायला तो आलाच नाही. नवरीच्या छकड्यामागं ती पोर चालत वाडीत आली आणि मरेपर्यंत थोरल्या घरची झाली. सोडून जायची तिला मुभा नव्हती, लग्न तिचं कुणी लावलं नाही. सतराव्या वर्षी तिला मुलगा झाला. बाप कोण हे वाडीत कुणी विचारलं नाही, कारण पोराचं नाक थेट थोरल्या घरचं होतं. नाव मात्र तिनं आपल्या देवाचं ठेवलं, बिरू. थोरल्या घराच्या सात पिढ्यांत असलं नाव कुणाचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट तिनं आपल्या मनानं केली असावी.

हा बिरू धनाजीचा आजा. पुढं निजाम गेला, कायदे आले, बिरूला चार एकर जमीन मिळाली, धनगराच्या घरातली बायको मिळाली. आंदणातले बैल केव्हाच मेले होते. घंगाळ अजून थोरल्या घरी आहे. आणि भिवराची पाचवी पिढी, म्हणजे प्रतीक्षा, वीज मंडळात नोकरीला लागून कमरेला पट्टा बांधून खांबावर चढते आणि थोरल्या घरच्या विहिरीवरची मोटार बंद पडली की तिलाच फोन येतो. सगळं बदललं, पण वाडी धनाजीच्या घराला आंदणघर म्हणायची ती म्हणतच राहिली, आणि थोरल्या घराचं सुतक त्या घराला लागायचं ते लागतच राहिलं.

धनाजीला आणि त्याच्या बापाला ह्याचा अभिमान होता, ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. परक्याला सुतक लागतं का? आपल्याला लागतं, म्हणजे आपण त्यांचे. तारामतीलाही पहिली सतरा वर्षं असंच वाटायचं. नवी नवरी असताना माहेरी जाऊन तिनं आईला फुशारकीनं सांगितलं होतं की थोरल्या घरात कोण गेलं तर आमचे हे पण डोकं भादरून घेतात.

मग तिची सासू कोंडाबाई गेली. तेरा वर्षं झाली त्याला. चौथ्या दिवशी थोरल्या घरी अमरसिंहाचं, म्हणजे आण्णासाहेबांच्या थोरल्या लेकाचं, लग्न होतं. तारामतीला आपलं भोळेपणानं वाटलं, आता ते लग्न पुढं ढकलतील. लग्नाच्या आदल्या दुपारी आण्णासाहेबांच्या पत्नीचा, तुळजाबाईंचा, निरोप आला की पोळ्यांना ये. तारामती तशीच गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, “आक्कासाहेब, आमाला सुतक हाय.” तुळजाबाई लगबगीत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, “तुमचं सुतक आमाला लागत न्हाई. हात धू आन् कणीक मळ.”

चारशे पोळ्या केल्या तिनं त्या दिवशी. ज्या घरात परक्या माणसाला सुतकात उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्या घराच्या चुलीपुढं बसून केल्या. सासूची राख अजून ओढ्यात पुरती वाहून गेली नव्हती. कुणी रागावून बोललं असतं, टोचून बोललं असतं, तर तिनं ते विसरूनही टाकलं असतं. पण तुळजाबाई अगदी सहज बोलल्या होत्या, भांडं कुठं ठेवायचं ते सांगावं तसं. तेव्हापासून तारामती ह्या दिवसाची वाट बघत होती असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण दिवस आला तेव्हा काय बोलायचं हे तिला शोधावं लागलं नाही.

*

दुपारी योगीराज आला. हा आण्णासाहेबांचा धाकटा. धाराशिवला कॉलेजात शिकवतो, बोलणं मवाळ, कुणाचं मन मोडायचं नाही अशी ख्याती. सुतकातला माणूस चारचौघांच्या घरी जात नाही, पण आंदणघर हे काही त्याच्या हिशेबी परकं घर नव्हतं. मांडवाखाली खुर्ची ओढून तो बसला.

“धनाजी, तारामती, एक समजून घ्या. आम्ही काही जुन्या विचारांची माणसं नाही. पोरीचं लग्न रविवारी आहे, ते रविवारीच होऊ द्या. मी दादाला समजावलंय.”

“बरं झालं,” धनाजी हात जोडून म्हणाला.

“फक्त उद्या सावडायला ये आणि डोकं कर. आमच्यात सावडण्याच्या दिवशीच डोकी करतात, तुला माहीतच आहे. सात डोकी होतात दरवेळी. सातवं दिसलं नाही तर लोक बोलणार.”

तारामतीनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. “म्हंजे सुतक बी धरायचं आन् लगीन बी लावायचं?”

“तसं नाही. नुसतं डोकं.”

“आन् रविवारी पोरीचा बाप डोकं भादरून मांडवात उभा ऱ्हायला की पाहुणे काय समजतील?”

“टोपी घालायची,” योगीराज म्हणाला.

इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून तारामतीला हसूच आलं. तिनं ते लपवलंही नाही. योगीराजानं चहा अर्धा ठेवला आणि “बघा बुवा, वाईटपणा नको,” म्हणत तो उठला.

तो जातो न जातो तोच प्रतीक्षा ड्यूटीवरून आली. पट्टा खुंटीला अडकवून तिनं सगळं ऐकून घेतलं. आईला वाटलं, पोरगी आपल्या बाजूनं बोलेल. पण ती बापाशेजारी जाऊन बसली.

“आई, करू दे ना बाबांना डोकं. त्यांचं प्रेम होतं आण्णांवर. केसच आहेत, येतील परत.”

“प्रेमाला म्या कवा नको म्हणलं? दोन दिस झालं रडायलेत, पाणी कोण द्यायलंय त्यांना?”

“मग?”

“मग असं, की आण्णांवर माया करणारी वाडीत पन्नास माणसं हायत. त्यातलं कुणी डोकं करत न्हाई. ह्यांनीच करायचं, कामून? तुझ्या आज्जीच्या टायमाला त्यांच्यातल्या एकानं तरी केलं व्हतं का?”

प्रतीक्षाला आजीच्या वेळचं आठवत होतं, पण पोळ्यांचं ठाऊक नव्हतं. तारामतीनं ते आजवर लेकीला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. प्रतीक्षा ऐकत राहिली आणि मग तिनं बापाकडं पाहिलं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

धनाजी खाली बघून म्हणाला, “पोळ्या म्याच वाढल्या व्हत्या.”

धनाजी उठून शेळीला पाला टाकायला गेला. पण सकाळी उठल्यावर त्यानं तारामतीला विचारलं, “धोतर कुठं हाय माझं?” त्याला ओढ्याकडं सावडायला जायचं होतं. चार पिढ्यांची सवय चार वाक्यांत सुटत नाही, हे तारामतीला कळत होतं. तिनं धोतर काढून दिलं. मग केस विंचरले, चांगलं लुगडं नेसलं आणि त्याच्या मागोमाग तीही निघाली.

*

ओढ्याकाठी राख सावडून झाली होती. अस्थींचं मडकं बाजूला बाभळीच्या फांदीला बांधलेलं. भावकीतले आठ-दहा पुरुष उन्हात बसले होते आणि बंडप्पा न्हाव्यानं अमरसिंहाचं डोकं निम्मं केलं होतं. रांगेत योगीराज, त्यामागं चुलतभाऊ, आणि अगदी शेवटी जरा अंतर सोडून धनाजी. टोपी काढून, डोकं ओलं करून बसलेला.

सावडायला बायका जात नाहीत. तारामती बांधावरून उतरताना दिसली तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं, घरी काहीतरी आक्रीत घडलं असणार.

“बंडप्पा, जरा थांबा,” ती म्हणाली.

बंडप्पाचा वस्तरा हवेत थांबला. चाळीस वर्षांत त्यानं असं काही पाहिलं नव्हतं आणि आता पाहायला मिळतंय ह्याचा त्याला आनंदच झाला असावा.

“ए तारामती,” अमरसिंह म्हणाला. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण एकेरीतच बोलायचा. “बायका येत न्हाईत हितं. जा घरी.”

“जाते. एक इचारते आन् जाते. ह्यांचं डोकं कुठल्या नात्यानं करायलात?”

“म्हंजे?”

“येवढंच. नातं सांगा.”

“रीत हाय ती.”

“रीत मला बी मालूम हाय. नातं इचारायले.”

अमरसिंहाचं निम्मं डोकं चकचकीत आणि निम्मं केसाळ. अशा अवतारात दरडावणं कठीणच. तरी त्यानं आवाज चढवला. “घरचा माणूस हाय तो!”

“घरचा म्हंजे कोण? गडी म्हणा, डायवर म्हणा, पुतण्या म्हणा. गड्याला सुतक नसतंय, डायवरला नसतंय. पुतण्याला असतंय.” तारामती सगळ्यांकडं बघून बोलत होती. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसालाही ऐकू जात होता. “आण्णांच्या आज्याला भिवरापासनं बिरू झाला, हे हितं बसलेल्या समद्यांना ठावं हाय. नात्यानं हे आण्णांचे पुतणे आन् तुमचे थोरले भाऊ. म्या तुमची वहिनी. ते एकदा तोंडानं म्हणा. हितं, भावकीपुढं. तुमी म्हणलं की म्या ह्या पावली जाऊन मांडव उतरवते. तेरा दिस आमच्यात गोड शिजायचं न्हाई. व्याह्यांनी लगीन मोडलं तर मोडू द्या, त्येची बी फिकीर न्हाई.”

हे शेवटचं ती ठरवून आली नव्हती. ते तोंडातून निघालं आणि मग तिचं तिलाच कळलं की आपण पोरीचं लग्न पणाला लावलं. अमरसिंहानं आता ‘व्हय’ म्हटलं, तर मांडव खरंच उतरवावा लागणार. तिनं मनाशी हिशेब केला आणि तिला दिसलं की आपण उतरवू. गोरोबांना फोन करून सांगू, नवऱ्याचे चुलते गेलेत, लग्न लांबणार. त्या वाक्याची लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट ते वाक्य बोलायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. भिऊन बोलायचं कारणच उरलं नाही.

भावकीतला एकजण उगाच खाकरला. योगीराज काडीनं मातीत रेघा ओढत होता. हा तरी म्हणेल, मवाळ आहे, शिकलेला आहे, असं तिला क्षणभर वाटून गेलं. पण त्यानं रेघा पुसल्या आणि पुन्हा काढायला घेतल्या.

अमरसिंहानं धनाजीकडं पाहिलं. तेच नाक, तीच जाड भुवई. ह्या घरची तसबीर लावलेली असती तर धनाजी तिच्यात जास्त शोभला असता. अमरसिंहानं नजर काढून घेतली.

“असल्या गोष्टी बोलायच्या नसतात,” तो हळू आवाजात म्हणाला.

“मग डोकं बी मागायचं नसतं,” तारामती म्हणाली. “बंडप्पा, तुमी चालू द्या.”

ती वळली. धनाजीला तिनं हाक मारली नाही, खूणही केली नाही. हे त्याचं त्यानं करायचं होतं. बांधापर्यंत ती पोचली तेव्हा तिच्या पाठीत नुसती कळ भरली होती, इतकं तिनं स्वतःला मागं वळण्यापासून धरून ठेवलं होतं.

मग मागून धनाजीचा आवाज आला. तो राखेच्या जागेपाशी उभा राहून बोलत होता, जिवंत माणसाशी बोलावं तसा.

“आण्णा, म्या रडलो ते खरं हाय. ते माझं हाय, ते कुणी मागू नये. केस मातुर न्हाई देत.”

त्यानं ओल्या डोक्यावर टोपी घातली. बांध अरुंद, म्हणून दोघं एकामागं एक चालले. निम्म्या वाटेवर आल्यावर तो म्हणाला, “अमरनं म्हणलं असतं तर?”

“तर मांडव उतरवला असता.”

“आन् पोरगी?”

“पोरगी खांबावर चढती. येवढ्यानं पडत न्हाई.”

घरी आल्यावर तारामतीनं स्वतः माकणीला फोन लावला. भिवराची सगळी गोष्ट तिनं गोरोबांना सांगितली, काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. आमच्या घराला आंदणघर म्हणतात, तुमाला उद्या दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा आज माझ्याकडनं कळू द्या, असंही सांगितलं. पलीकडं बराच वेळ नुसती मेंढरं ओरडत होती.

“धनगराची लेक होती म्हणता?” गोरोबा शेवटी म्हणाले.

“व्हय.”

“कुण्या गावची?”

“ते कुणी तिला इचारलंच न्हाई. आमाला ठावं न्हाई.”

पुन्हा मेंढरं. मग गोरोबा म्हणाले, “आपल्याकडची बी असंल. हळद किती वाजता हाय, येवढं सांगा. गाडी तशी लावतो.”

तारामतीनं वेळ सांगितली आणि फोन ठेवून आधी डोळे पुसले. दोन दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आणि ते आनंदानं, तेव्हा कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नव्हती.

*

शुक्रवारी भर दुपारी मांडवात बायका जात्याला सुपारी बांधत होत्या. अचानक बोलणं थांबलं. तारामतीनं वळून पाहिलं, तर रस्त्यावर, मांडवाच्या खांबापासून चार हात अलीकडं, उन्हात तुळजाबाई उभ्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. शेजारी त्यांना धरून सोनाली, अमरसिंहाची बायको.

नवरा गेलेली बाई तेरा दिवस उंबरा ओलांडत नाही. तुळजाबाईंनी तर जन्मात कुठली रीत मोडली नव्हती. हळदीच्या मांडवापुढं अशी बाई आलेली पाहून दोन-तीन म्हाताऱ्या कुजबुजल्या. तारामतीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि ती बाहेर गेली.

“या आक्कासाहेब. आत या, ऊन हाय.”

“न्हाई.” तुळजाबाई जागच्या हलल्या नाहीत. “माझ्या अंगावर सुतक हाय. तुझ्या मांडवाला लागंल.”

तारामती बघतच राहिली. तेरा वर्षांपूर्वी ह्याच तोंडानं वळूनही न बघता सांगितलं होतं की तुमचं सुतक लागत नाही. आंदणघरालाही काही विटाळ लागू शकतो, तिथंही जपण्यासारखं काही असतं, हे त्या घरच्या कुणी चार पिढ्यांत मानलं नव्हतं. आणि आता ही पंचाहत्तर वर्षांची बाई उन्हात लाल होऊन उभी होती, पण खांबाच्या आत यायला तयार नव्हती.

प्रतीक्षानं पाण्याचा ग्लास आणला. तुळजाबाई म्हणाल्या, “हातात देऊ नको, बाई. खाली ठेव.” प्रतीक्षानं तो रस्त्याकडंच्या दगडावर ठेवला. थोरल्या घरी ह्या घराला पाणी असंच मिळायचं. तुळजाबाईंनी वाकून तो ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायल्या.

“मला हिनं सांगितलं,” त्यांनी सोनालीकडं मान वळवली. “काल ओढ्यावर काय झालं ते. अमरचं तोंड उचललं न्हाई म्हणं.”

“न्हाई.”

“त्येच्या बापाचं बी उचललं नसतं. माझं तरी कुठं उचललं?” त्या थांबल्या. “तुझी सासू गेली तवा म्या तुला कणकीला बसवलं. ध्यानात हाय माझ्या. हिला ते आज कळलं, तवापासनं सकाळची जेवली न्हाई ही.”

त्या पोळ्या सोनालीच्याच लग्नाच्या होत्या.

“ऐक तारामती. तेराव्याला समदी भावकी येणार हाय. पहिली पंगत बसायच्या आधी म्या तिथं उभी ऱ्हाऊन सांगणार, धनाजी आमचा पुतण्या हाय. अमर चिडला तरी सांगणार. आज सांगत न्हाई. आज म्हणलं तर तुझ्या घराला सुतक लागंल आन् लेकीची हळद वाया जाईल. म्हणून आज म्या काय बी म्हणलं न्हाई, तू काय बी ऐकलं न्हाई.”

‘काही म्हणत नाही’ म्हणत म्हणत त्यांनी भर रस्त्यात, पंधरा बायकांच्या देखत ते म्हणून टाकलं होतं. तारामतीच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कशाला आवरावं ते तिला कळेना.

“तेराव्याच्या पोळ्या कुणी करायच्या?” तिनं विचारलं. ते विचारल्याशिवाय तिला सोडायचं नव्हतं.

“म्या करते,” सोनाली म्हणाली. “चारशे.”

“तुमी पहिल्या पंगतीला बसा,” तुळजाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी तारामतीला पहिल्यांदाच ‘तुमी’ म्हटलं. मग खांबाच्या बाहेरूनच त्यांनी प्रतीक्षाकडं बघून दोन्ही हात उचलले, आपल्याच कानशिलावर बोटं मोडली आणि सुनेला धरून त्या उन्हातून परत निघाल्या.

मांडवात बायकांना एकदम कंठ फुटला. प्रतीक्षा आईजवळ आली.

“आई, म्हणजे आता आपल्याला सुतक आहे का नाही?”

“रविवारपतूर न्हाई,” तारामती म्हणाली. “सोमवारी तुझे चुलत आजोबा वारणार हायत. तू सासरी तीन दिस धर. आमी हितं तेरावं करतो.”

धनाजी खुर्च्यांच्या थप्पीमागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, बऱ्या कानानं. त्यानं टोपी काढली, डोक्यावरून एकदा हात फिरवला, पुन्हा टोपी घातली आणि तो रस्त्याला लागला.

“कुठं निघालात?”

“बंडप्पाकडं,” तो म्हणाला. “सोमवारी सकाळी ये म्हणून सांगतो.”